छप्पन्न बाइट कोरे

परसोडीच्या आयटी पार्कात रात्री अकराला एसी बंद होतो,
मग खिडकी उघडावी लागते
आणि मे महिना आत येऊन शेजारच्या खुर्चीत बसतो.
डेकाटे म्हणाला, मॅडम, एका कोअरवर हा पळते,
आठवर टाकला की रांगून राहिला.
आठ जण कामाला, आणि काम एकट्याहून कमी.

मी आधी कुलूप शोधलं. कुलूप नव्हतं.
प्रत्येक कोअरचा आपापला आकडा, मेमरीची किती पानं शिल्लक,
आठ बाइटांत मावणारा.
कुणी कुणाचा आकडा वाचत नाही, खोडायचं तर सोडाच.
भांडण नाही, तरी सगळे खोळंबलेले.

दीडला मला कळमन्याची वही दिसली.

बाबा आणि गुलाबराव हेडाऊ, एकाच अडत्याचे मुनीम.
तुरीचा काटा या टोकाला, हरभऱ्याचा त्या टोकाला,
मध्ये दोनशे पावलं, बैलगाड्या, मेटाडोर, मिरचीचा खकाणा,
आणि दोघांत एक वही.
पानाच्या डाव्या अंगाला तूर, उजव्या अंगाला हरभरा.
बाबांनी जन्मात हरभऱ्याच्या रकान्याला बोट लावलं नाही,
पण पोतं तोललं की पान हवं,
आणि पान हेडाऊंकडे.
एक पोरगा दिवसभर वही छातीशी धरून धावायचा.
त्याचं नाव कुणी विचारलं नसेल.
रात्री जेवताना बाबा म्हणायचे,
हेडाऊ माणूस सोन्याचा, पण त्याच्यापायी माझा जीव जाऊन राहिला.
तिकडे इतवारीत हेडाऊही ताटावर बसून
हेच म्हणत असणार.

यंत्राला सुटा आकडा उचलता येत नाही.
ते ओळ उचलतं, चौसष्ट बाइटांची, अख्खी.
आठ आठे चौसष्ट,
आठही आकडे एका ओळीत दाटीवाटीनं बसवलेले,
एकानं आपला बदलला की साऱ्यांच्या हातातली ओळ बाद,
पुन्हा मागवा, पुन्हा येऊ द्या, तोवर दुसऱ्यानं बदललेला.
कुणी लिहिलं हे, मी डेकाटेला विचारलं.
तो पंख्याकडे बघत राहिला.
मीच लिहिलं होतं. सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत. काटकसर म्हणून.

मग प्रत्येकाला आपली ओळ दिली.
आठ बाइट आकडा, पुढे छप्पन्न कोरे,
काही न ठेवण्यासाठी राखून ठेवलेले.
टाइप करताना कानात बाबा:
कायले कोरं सोडून राहिली वं? पान काय झाडाले लागते?
(लागतं, बाबा. पण ते दुसरं.)
ज्या माणसानं पाकिटं उलटी करून हिशेब केले,
लग्नपत्रिकांच्या पाठीवर किराणा लिहिला,
त्याच्या पोरीनं एका फटक्यात
चारशे अठ्ठेचाळीस बाइट रिकामे टाकले.
वर प्रत्येकाच्या हाताशी पानांची वेगळी चळतही ठेवली,
की दर वेळी कोठाराच्या दाराशी गर्दी नको,
संपली की एकदम उचला.

तीनला आलेख उठला.
डेकाटेनं टेबलावर थाप मारली, आणि लगेच झोपला.

घरी गच्चीवर पाणी मारून दोन बाजा टाकलेल्या.
बाबा जागेच होते.
मी सांगितलं, जमेल तितकं, यंत्र वगळून.
खूप वेळ काही नाही. अजनीकडे कुठलीतरी मालगाडी शंटिंग करत होती.
मग म्हणाले, दुसरी वही चौदा रुपयांची होती.
मी दोनदा मागितली. शेठ म्हणे, अर्धं पान कोरं राहील.
मी म्हटलं, तेच तर.
ते कुशीवर वळले. मला वाटलं, झालं.

पण मन्सारामले काढून टाकलं असतं ना वं,
वही दोन झाल्या असत्या तर.
अंधारात मला कळेना कोण मन्साराम.
मग कळलं.